दोन्ही वायरी डावीकडे

रुग्णवाहिका बोलावायला लोक ज्या नंबरवर फोन करतात, तो फोन जिथे वाजतो त्या इमारतीत ताईला नोकरीला लागून एकोणीस वर्षं झाली होती. वरच्या मजल्यावर फोन घेणाऱ्यांचा हॉल होता. तळमजल्यावर, जिन्यामागे, सर्व्हर रूम. वरची माणसं फोन उचलत, पत्ता विचारत, गाडी पाठवत. हे सगळं ज्यांच्या जोरावर चालायचं ती मशिनं खाली होती, आणि त्या मशिनांची वीज कधीही तुटता कामा नये, ही जबाबदारी ताईची. वयाने मोठी माणसंही तिला ताईच म्हणायची. साहेबसुद्धा.

त्या खोलीत वीज दोन वाटांनी यायची. दोन वेगळे यूपीएस, दोन वेगळे बोर्ड, दोन वेगळ्या केबल. कागदोपत्री त्यांना लांबलचक नावं होती. ताई त्यांना डावी आणि उजवी म्हणायची, आणि बघता बघता सगळेच तसं म्हणायला लागले. प्रत्येक मशीनला पाठीमागे वीज आत घेणारे दोन डबे, म्हणजे पॉवर सप्लाय, आणि दोन वायरी. एक वायर डावीत, एक उजवीत. डावी गेली तर मशीनने उजवीवर चालायचं, उजवी गेली तर डावीवर. कुणाला समजावून सांगायला दोन मिनिटं पुरायची. ते तसंच्या तसं टिकवायला मात्र ताईची एकोणीस वर्षं गेली होती.

रोज सकाळी आल्या आल्या ती क्लॅम्प मीटर घेऊन खोलीत फेरी मारायची. चिमट्यासारखा तो मीटर केबलभोवती धरायचा, आकडा वहीत लिहायचा, पुढे जायचं. नेटवर्कचं काम बघणारी इंजिनिअर तिच्या शेजारच्या टेबलावर बसायची. बोलायला लागली की थांबायची नाही, म्हणून तिला सगळे चिमणी म्हणत.

"ताई, स्क्रीनवर दिसतंय की सगळं," चिमणी म्हणायची. "तुम्ही रोज उठून त्यांची नाडी कशाला बघता?"

"डॉक्टर अजून बघतात ना? मग मीही बघते."

त्या सोमवारी नाडी बघताना ताई थबकली. डावीवर चोपन्न टक्के भार होता, उजवीवर सत्तावन्न. स्क्रीनवर दोन्ही हिरवे, कारण ऐंशीच्या पुढे गेल्याशिवाय स्क्रीन लाल व्हायची नाही. ताईने वहीची मागची पानं चाळली. वर्षभरात दर महिन्याला एखाद-दोन टक्के वाढत गेले होते. एक मशीन इकडून आलं, एक तिकडून, प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणालं असणार, एकाने काय फरक पडतो? रोज एकेक आकडा लिहिणाऱ्या ताईलाही बेरीज करायचं सुचलं नव्हतं. तिने स्वतःलाच मनातल्या मनात दोन शब्द सुनावले आणि साहेबांच्या केबिनमध्ये गेली.

"साहेब, डावी चोपन्न, उजवी सत्तावन्न."

"मग? बरेच खाली आहेत की दोन्ही."

"दोघी मिळून ओढताहेत म्हणून खाली दिसतात. एकीने हात सोडला तर सगळं दुसरीच्या गळ्यात पडणार. चोपन्न आणि सत्तावन्न, एकशे अकरा. ती पण बसणार. आपल्याकडे दोन आहेत असं आपण समजतो, पण खरं म्हणजे एकच आहे. तीही तोकडी."

साहेब माणूस वाईट नव्हता. पण चालत्या गाडीला हात लावायची त्यांना भयंकर धास्ती. त्यांनी पेन टेबलावर उभं-आडवं केलं आणि विचारलं, "नवा यूपीएस मागायचा म्हटलं तर वर्ष जाईल. दुसरं काही?"

"कमी करू. आत अर्धा डझन तरी मशिनं अशी असतील की ती कशासाठी चालताहेत हे कुणालाच माहीत नसेल."

साहेबांनी परवानगी दिली. ताई आणि चिमणी यादी घेऊन बसल्या. एकेका मशीनपाशी उभं राहून विचारायचं, हे कुणाचं? उत्तर आलं नाही तर दरवाजावर सूचना लावायची, दोन दिवस थांबायचं, मग बंद करायचं. आठवड्याच्या अखेरीस नऊ बेवारस मशिनं बंद झाली. आठांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. नववं बंद केल्यावर तेवढा दरवान आला. दारातल्या टीव्हीवर सहा वर्षांपूर्वीच्या वार्षिक सभेचे फोटो फिरायचे, ते दिसेनासे झाले होते.

"ते जुने फोटो कोण बघतंय काका?" चिमणीने विचारलं.

"मी बघतो. त्यात मी आहे."

चिमणीने फोटो त्याच्या फोनमध्ये घालून दिले आणि तो खुशीत गेला. भार एक्केचाळीस-बेचाळीसवर आला. ताईचा जीव भांड्यात पडला.

पण एवढं केलंच आहे तर प्रत्येक वायर हाताने माग काढत बघावी, असं तिने ठरवलं. मशीनपासून सुरुवात करायची, वायर बोटांत धरायची आणि ती प्लगच्या कुठल्या पट्टीत शिरते तिथपर्यंत जायचं. कारण मशीनला एवढंच कळतं की आपल्या दोन्ही सप्लायना वीज मिळतेय. ती कुठून मिळतेय हे त्याला कळत नाही, म्हणून स्क्रीनलाही कळत नाही.

पुढच्या शुक्रवारी दुपारी ती मशिनं ठेवलेल्या चौथ्या कपाटाशी पोचली. त्या कपाटात 'वाटप्या' होता. बाहेरून येणारा प्रत्येक फोन वरच्या हॉलमध्ये कुणाकडे जायचा, हे वाटून देणारं मशीन. सगळ्या खोलीतलं सगळ्यात महत्त्वाचं. त्याला एक जोडीदार मंजूर होऊन वर्ष उलटलं होतं, तो अजून आला नव्हता. ताईने पहिली वायर धरली. डावीच्या पट्टीत गेली. दुसरी धरली. तीही डावीच्या पट्टीत गेली.

तिला वाटलं हात चुकला. पुन्हा धरली, पुन्हा तिथेच.

वायरीला पांढरी चिठ्ठी चिकटवलेली होती, तारीख आणि सही. सही तिचीच होती. तारीख सव्वादोन वर्षांपूर्वीची.

तिने तारीख पुन्हा वाचली. तो दिवस विसरण्यातला नव्हता. सकाळपासून भावाचे फोन येत होते, आईला श्वास घेता येत नाहीये, तू निघ. वाटप्याचा एक जुना सप्लाय काढून तिने नवा बसवला होता, त्याची वायर जोडायची होती. उजवीच्या पट्टीत जागा नव्हती, सगळी भोकं भरलेली. आता तात्पुरती डावीत लावू, उद्या येऊन बदलू, असं म्हणून ती धावत सुटली होती. तो उद्या आलाच नाही. ती पंधरा दिवसांनी कामावर आली ती आईचं सगळं आटोपून. आल्यावर तपासणीचा कागद समोर आला, त्यावर 'दोन्ही बाजू तपासल्या' असं छापलेलं होतं, आणि तिने सही केली होती.

सव्वादोन वर्षं तो एका पायावर उभा होता. मधल्या काळात डावी एकदाही गेली नाही, हे कुणाचं नशीब म्हणायचं?

आता उजवीत जागाच जागा होती. वायर उपसून तिकडे लावायला अर्धं मिनिट पुरलं असतं. ताईने हातही पुढे केला. पण नियम असा होता की वाटप्याला हात लावायचा तर आधी हॉलला कळवायचं. वर चार साधे टेलिफोन होते. खटका फिरवला की सगळे फोन थेट त्या चारांवर यायचे आणि माणसं कागदावर लिहून घ्यायची. कळवायचं म्हणजे कशासाठी हात लावतोय तेही सांगायचं. तिने हात मागे घेतला. त्या दिवशी तिने काहीच केलं नाही. वही बंद केली आणि घरी गेली.

ताईचा नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. त्याचं स्वतःचं छोटं दुकान होतं, घराखालीच. संध्याकाळी दोघं स्वयंपाकघरात बसून भाजी निवडत होते, तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं.

"कुणाला माहीत आहे?" त्याने विचारलं.

"कुणालाच नाही."

"मग सकाळी जा, बदलून टाक आणि मोकळी हो. आईच्या वेळी तू कुठल्या अवस्थेत होतीस हे मी बघितलंय. तुला कुणी काही बोलायची गरज नाही."

"मलाही तेच वाटतंय," ताई म्हणाली. तिला खरंच हलकं वाटलं. ती उठली, भाजी धुवायला घेतली. मागे नवरा निवडून झालेलीच जुडी पुन्हा निवडत होता.

"अहो, काय झालं?"

"काही नाही." मग थोड्या वेळाने तो म्हणाला, "त्या शाळेतल्या बाई आठवतात? उंचशा, आपल्या दुकानात यायच्या?"

"त्या आता येत नाहीत ना?"

"येतात. नाक्यावरून जातात. मी त्यांना चुकीच्या नंबरची काच बसवून दिली होती. डाव्याची उजव्याला. सहा महिने त्यांचं डोकं दुखत होतं. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. एकदा दांडी दुरुस्तीला चष्मा आला तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी काच बदलली आणि दांडीचेच पैसे घेतले. त्या आठ दिवसांनी येऊन म्हणाल्या, काय जादू केलीत हो, डोकं थांबलं. पेढे घेऊन आल्या होत्या."

"मग?"

"मी पेढा खाल्ला." त्याने निवडलेली भाजी पुढे सरकवली. "त्या अजून दिसल्या की मी दुकानाच्या आत जाऊन बसतो. सात वर्षं झाली. तुला बदलून टाक म्हणालो खरा, पण ते बदललं जात नाही."

ताईने नळ बंद केला. एवढ्या वर्षांत त्याने हे कधी सांगितलं नव्हतं. ती त्याच्याशेजारी बसली. 

सोमवारी सकाळी ती फेरी न मारता थेट वर गेली. हॉल ज्यांच्या ताब्यात होता त्यांना मोठ्या बाई म्हणत. तीस वर्षं फोन घेऊन त्यांचा आवाज असा झाला होता की त्या मीठ मागायला लागल्या तरी माणूस ताठ बसायचा. ताईने उभ्याउभ्याच सांगितलं, वायर कुठे आहे, कधीपासून आहे, कुणी लावली.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सव्वादोन वर्षं."

"हो."

"आणि मी इथे बसून रोज नव्या मुलींना सांगते, घाबरू नका, खाली सगळं डबल आहे."

बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"मला तुमचा राग आलाय," बाई म्हणाल्या. "तो काही लगेच जायचा नाही. ते असू दे. आता काय करायचं ते सांगा."

"एक वायर काढून उजवीत लावायची. अर्ध्या मिनिटाचं काम. तेवढा वेळ तो दुसऱ्या सप्लायवर चालेल. स्क्रीनवर दोन्ही सप्लाय ठीक दिसताहेत. बहुतेक काही होणार नाही."

"बहुतेक," बाई म्हणाल्या. "साडेअकराला फोन जरा कमी असतात. तेव्हा करू. मी चार माणसं साध्या टेलिफोनवर बसवते."

साडेअकराला हॉलमध्ये चौघं कागद-पेन घेऊन बसले. बाई स्वतः खटक्यापाशी उभ्या राहिल्या. खाली चिमणी फोन कानाला लावून उभी होती, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच ती काही बोलत नव्हती. ताईने वायर धरली आणि उपसली.

एक, दोन असं मोजायला ती सुरुवात करणार तोच मशीनच्या मागून खट् असा बारीक आवाज आला आणि पंख्यांचा सूर उतरत गेला. पुढचे दिवे विझले. वाटप्या बंद पडला होता.

इतकी वर्षं निम्मा भार उचलणाऱ्या दुसऱ्या सप्लायवर एकदम सगळा भार आला होता आणि त्याने मान टाकली होती.

"खटका!" चिमणी फोनमध्ये ओरडली. "बाई, खटका फिरवा!"

"फिरवला," वरून आवाज आला.

ताईचे हात कामाला सरावलेले होते. उपसलेली वायर तिने उजवीत घातली. सप्लायचा दिवा हिरवा झाला. वाटप्या पुन्हा उठायला लागला. त्याला पूर्ण जागं व्हायला अकरा मिनिटं लागायची, आणि ती कमी करणं कुणाच्याच हातात नव्हतं. ताई त्याच्यासमोर उभी राहिली. चिमणी तिच्याजवळ येऊन उभी राहिली. वरून, छताच्या पलीकडून, साध्या टेलिफोनच्या घंटा ऐकू येत होत्या. इतक्या वर्षांत त्या तिने कधी ऐकल्या नव्हत्या. प्रत्येक घंटा दुसऱ्या ठोक्याच्या आत थांबत होती.

अकरा मिनिटांत सात फोन आले. फरशी बसवणारा एक माणूस परांचीवरून घसरून पडला होता. एका बाईचा नवरा जेवता जेवता आडवा झाला होता. एका मुलीच्या घशात काहीतरी अडकलं होतं, आणि फोन घेणाऱ्याने तिच्या वडिलांना काय करायचं ते फोनवरच सांगितलं. सातच्या सात पत्ते कागदावर उतरले, सातच्या सात गाड्या निघाल्या. ज्यांच्यासाठी गाड्या गेल्या त्यांतले एक आजोबा वाचले नाहीत. गाडी त्यांच्या दारात वेळेत पोचली होती. गाडीवरच्या डॉक्टरांनी ताईला तसं सांगितलं, तरी तिने त्या गाडीची वेळ तीनदा तपासली.

आपण शुक्रवारी गुपचूप वायर बदलली असती तर, हा विचार तिने त्या दिवशी मुद्दाम केला नाही. तो तिला दोन दिवसांनी, भांडी घासताना आला, आणि घासलेलंच ताट ती पुन्हा घासत राहिली.

दुपारी साहेबांनी तिला बोलावलं. त्यांच्यासमोर अहवालाचा कोरा कागद होता.

"ताई, सप्लाय निकामी झाला, फोन कागदावर घेतले, त्यामुळे कुणाचं नुकसान झालं नाही. एवढंच लिहू. खोटं नाहीये त्यात काही."

"खोटं नाही, पण अर्धंच आहे."

"तुमची फाइल एकोणीस वर्षं स्वच्छ आहे हो. कशाला डाग लावून घेता?"

"साहेब, सप्लाय निकामी झाला एवढंच लिहिलं, तर लोक नवा सप्लाय आणतील आणि विषय संपवतील. एका माणसाच्या सहीवर एवढं मोठं काम सोडलं होतं, हे कुणाला दिसणारच नाही. उद्या माझ्या जागी दुसरी कुणी असेल. तिलाही घरून फोन येतील."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. मग त्यांनी कागद तिच्याकडे सरकवला. "तुम्हीच लिहा."

तिने लिहिलं. आईचा उल्लेख तिने केला नाही. साहेबांनी खाली स्वतःच्या अक्षरात तो जोडला, हे तिला नंतर कळलं. तिला लेखी समज मिळाली. सहा महिने एकटीने कुठल्याही कागदावर सही करायची नाही, असा हुकूम निघाला. पुढे तो हुकूम सगळ्यांनाच लागू झाला, कायमचा. जोडणाऱ्याने जोडायचं, आणि न जोडणाऱ्या दुसऱ्या माणसाने वायर हाताने धरून शेवटपर्यंत जायचं. ताईच्या मागून तपासायला चिमणी आली.

सुरुवातीचे दिवस अवघड गेले. आपण शिकवलेली पोर आपल्या मागे ओणवी होऊन आपलीच वायर धरून बघते, हे बघताना ताईच्या कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या. चिमणीलाही संकोच वाटायचा. ती लांबूनच नजर टाकून "ठीक आहे ताई" म्हणायची.

"हात लावून बघ," ताई एके दिवशी जरा चिडूनच म्हणाली. "मलाही ठीकच वाटलं होतं."

तेव्हापासून चिमणी हात लावून बघायला लागली. तिसऱ्या आठवड्यात तिला एक ढिली पिन सापडली. ताईने ती घट्ट केली, वहीत लिहिलं, आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला वाईट वाटलेलं नाही. उलट एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच ती सुटीच्या दिवशी खोलीचा विचार न करता झोपली.

महिनाभराने वाटप्याचा जोडीदार आला. अहवाल वाचून वरच्यांनी अडलेला कागद हलवला होता. मग ताईने साहेबांकडे ती गोष्ट मागितली जी मागायला ती पूर्वी कधीच धजावली नव्हती. डावी पूर्ण बंद करून बघायची. भर दिवसा, मुद्दाम.

"आणि बसलं तर?" साहेबांनी विचारलं.

"बसायचंच असेल तर आपण सगळे जागे आणि तयार असताना बसू दे."

तारीख ठरली, हॉलला कळवलं गेलं. ठरल्या दिवशी साहेब स्वतः खाली आले आणि दाराशी, जरा लांबच, हाताची घडी घालून उभे राहिले. चिमणीने प्रत्येक वायर धरून पाहिली होती. ताईने डावीचा मुख्य खटका खाली ओढला.

डावीचा आकडा शून्यावर आला. उजवीचा चढायला लागला. साठ, बाहत्तर, ऐंशी. स्क्रीन लाल झाली. साहेबांनी डोळे मिटले. आकडा त्र्याऐंशीवर गेला, जरा हलला, आणि तिथेच थांबला. पंख्यांचा सूर बदलला नाही. एकही दिवा विझला नाही. तिघं तशीच उभी राहिली, आणि ताईने दर मिनिटाला केबलला मीटर लावून आकडा लिहिला.

दहाव्या मिनिटाला वरून फोन आला. मोठ्या बाई होत्या. त्या ताईशी आताशा कामापुरतंच बोलायच्या.

"अहो, कधी सुरू करताय? माझी माणसं कागद घेऊन ताटकळलीत."

"केव्हाच सुरू केलं, बाई. दहा मिनिटं झाली डावी बंद आहे."

पलीकडे थोडा वेळ फक्त हॉलचा गलका ऐकू आला. कुणीतरी कुणालातरी घर क्रमांक पुन्हा विचारत होतं.

"बरं," बाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "खाली चहा पाठवू का?"

"पाठवा. तीन कप. अजून वीस मिनिटं आहोत आम्ही."

तिने फोन ठेवला आणि पुढच्या मिनिटाचा आकडा घ्यायला केबलकडे वळली.